काळा येतच नाही

६ जानेवारी

प्रिय फूटपट्टीस,

लहानपणी घरभर फूटपट्टी घेऊन फिरणाऱ्या आणि माझी वेणीसुद्धा मोजून वहीत लिहिणाऱ्या माणसाला मी दुसऱ्या नावानं हाक मारणार नाही. मग तो एकोणसाठ वर्षांचा होवो नाही तर फोटोच्या कागदाच्या कारखान्यात तपासणी विभागाचा साहेब होवो.

तुमचा कारखाना बिघडलाय. इमारत उभी असेल, भोंगा वेळेवर वाजत असेल, पण कागद बिघडलाय. काळा येतच नाही. डेव्हलपर ताजा केला, वेळ वाढवला, एन्लार्जरचा बल्ब बदलला, भिंग पुसलं. प्रिंट धुऊन खिडकीशी नेली की काळ्याच्या जागी फळा पुसायच्या फडक्याचा रंग. तुमच्याकडे काजळी संपली असेल तर तसं कळवा, मी तव्याची खरवडून पाठवते.

पूर्वी बरं होतं. दोन नंबरचा कागद म्हणजे दोन नंबर, तीनचा म्हणजे तीन. खोक्यावर जे लिहिलंय ते आत असायचं. तुमच्या या कागदात एकाच खोक्यात सगळे नंबर, मऊ एकपासून कडक पाचपर्यंत. पिवळा फिल्टर लावा, मऊ येतो, सगळा करडा. किरमिजी लावा, कडक येतो, नुसता काळा-पांढरा. ज्याला स्वतःचा स्वभावच नाही त्याच्याकडून अपेक्षा तरी काय ठेवायची. तरी मी जमवून घेतलं. इतकी वर्षं दोन नंबरच्या फिल्टरवर सुखानं चाललं होतं. मागच्या वर्षी तीन लागायला लागला, आता चाराशिवाय गाडी हलत नाही.

एरवी मी दोन शिव्या घालून गप्प बसले असते. पण यंदा माझ्याकडे खाणवाल्यांचं काम आहे. तीस वर्षं त्या माणसानं एकाच दगडाच्या खाणीतल्या लोकांचे फोटो काढले आणि तीस वर्षं ते मी छापले. आता संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन आहे, एक जूनला, चाळीस प्रिंटचं. दारातल्या पाटीवर त्यांच्या नावाखाली माझंही नाव येणार आहे, छपाई करणारी म्हणून. सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. त्या पाटीखाली तुमचा राखाडी काळा लटकला तर मी कारखान्याच्या दारात येऊन बसेन.

फोन करू नकोस. फोनवर काळा रंग दाखवता येत नाही आणि तू ओरडतोस.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. मागच्या खेपेस तू एक तपकिरी आणि एक काळा मोजा घालून आला होतास, तेवढं तिच्या कानावर घाल.

ताई


१५ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार, पण जरा लांबूनच, हातात ट्रेमधला चिमटा असेल तर म्हणून.

तव्याची काजळी नको. आमच्याकडे काळा भरपूर आहे. मागचे सहा महिने निघालेल्या प्रत्येक मालाचा कर्व्ह मी स्वतः काढलाय, सोबत एक जोडतो. तू आलेखाला हात लावत नाहीस हे माहीत आहे, म्हणून तोंडी सांगतो. आडव्या रेषेवर उजेड किती दिला ते, उभीवर कागद किती काळा झाला ते. रेष ताडकन चढली तर कडक, रमतगमत चढली तर मऊ. निळ्या उजेडात कागदावरचा सगळा लेप एकदम धावतो, म्हणून कडक. हिरव्या उजेडात काही धावतो, काही रेंगाळतो, म्हणून मऊ. तुझा फिल्टर फक्त कुठला उजेड किती सोडायचा ते ठरवतो. कागदाला स्वभाव नाही असं नाही, त्याला दोन आहेत. आपल्या घराण्यात हे नवीन नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. दोन नंबरला दोन्ही उजेड मिसळतात तेव्हा रेषेला मध्ये जरा पोट येतं. म्हणजे पांढरा आणि काळा जिथल्या तिथं, पण मधले करडे थोडे उजळ आणि मवाळ. आम्ही ते छापील पत्रकात लिहीत नाही. पण त्याचा तुझ्या काळ्याशी संबंध नाही.

आता तू काय करायचंस: ती फिकट ते गडद अशा एकवीस पायऱ्यांची फिल्म तुझ्याकडे आहे ना, ती कागदावर ठेवून दोन नंबरला एक आणि चार नंबरला एक पट्टी छाप. डोळ्यांनी काही ठरवू नकोस, घड्याळ लावून छाप आणि पाठव. मी यंत्रावर मोजतो. डोळ्यांवर माझा विश्वास नाही, सुईवर आहे.

आणि तुझा डार्करूममधला दिवा, तो सेफलाइट, अजून तोच हिरवट पिवळा आहे का? जुन्या कागदाला तो दिसायचा नाही. याला हिरवं दिसतं. त्यानं पांढऱ्यावर धुकं बसतं. सोबत लाल दिवा पाठवतोय, कृपया लाव.

मोज्यांचं बायकोला सांगितलं. ती म्हणाली की गेले वर्षभर तीच काढून देते, त्या दिवशी ती माहेरी होती.

तुझा
धाकटा


२७ जानेवारी

प्रिय फूटपट्टीस,

तुझा लाल दिवा लावला. माझ्या जुन्या दिव्यानं चाळीस वर्षांत एका कागदाचं वाईट केलेलं नाही, तरी लावला. पांढरे सुधारले हे मी कबूल करते, कारण मी खोटं बोलत नाही. काळा तिथंच आहे.

आणि तो दिवा आहे की नुसती लाल चिंधी? काही दिसत नाही. परवा डेव्हलपर समजून कागद थेट फिक्सरमध्ये बुडवला आणि चांगली चार मिनिटं चित्र यायची वाट बघत उभी राहिले. शेवटी वास आला तेव्हा कळलं. हसू नकोस. ट्रेची कड चाचपडत शोधताना एकदम आई आठवली. शेवटची चार वर्षं ती कपाची कड अशीच शोधायची, आधी बोट आणि मग ओठ. तो विषय इथंच संपला.

पट्ट्या सोबत आहेत. दोन्हींच्या शेवटच्या पायऱ्या बघ, एकालाही काळा म्हणायची लाज वाटेल.

हल्ली सगळेच फसवतात. स्वयंपाकघराला रंग काढला, शुभ्र पांढरा सांगितला होता, रंगाऱ्यानं सायीचा रंग लावून ठेवला. वर मलाच म्हणतो, बाई हा पांढराच आहे. डबा दाखवायला लागला. मी म्हटलं, डब्यावर काय वाट्टेल ते लिहितात, माझा धाकटा भाऊ तेच काम करतो.

खाणवाले येऊन गेले. पहिल्या दहा प्रिंट दाखवल्या. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, जोरदार आहेत. एवढंच. चहा निम्मा टाकून गेले. माणूस म्हातारा झाला की चहासुद्धा संपत नाही.

ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,

पट्ट्या मोजल्या. दोनदा मोजल्या, मग यंत्राचा शून्य तपासून तिसऱ्यांदा मोजल्या. काळा दोन पूर्णांक शून्य आठ. ताई, एवढा काळा माझ्या टेबलावर दोन वर्षांत आलेला नाही. तुझा डेव्हलपर, तुझं घड्याळ, तुझा हात, सगळं चोख आहे. दोन नंबरचा कर्व्ह माझ्या कर्व्हवर ठेवला तर एकावर एक बसतो, पोटासकट.

म्हणजे कागद चांगला आहे. मग चूक कुठे आहे ते मला कळत नाहीये. प्रदर्शनातली एक प्रिंट पाठवशील? तुझ्या मनासारखी झालेली पाठव, वाया गेलेली नको.

चष्मा कधी बदललास? सहज विचारतोय.

धाकटा


१७ फेब्रुवारी

प्रिय फूटपट्टीस,

दोन पूर्णांक शून्य आठ हे तुझ्या सुईला सांग, मला दिसतंय ते मला दिसतंय. तुझ्या यंत्राला काळा दिसतो आणि मला दिसत नाही, तर दोघांपैकी प्रिंट कोण बनवतं?

सतरा नंबरची प्रिंट पाठवतेय. खाणीच्या कडेला सावलीत बसून दगड फोडणारी म्हातारी बाई, मागे उन्हातली धूळ. तुला आठवत असेल, अठरा वर्षांपूर्वी मी ती पहिल्यांदा छापली तेव्हा तू इथं आला होतास आणि जेवायचं सोडून तिच्याकडे बघत बसला होतास. यंदा ती साडेचार नंबरवर काढली तेव्हा कुठे जीव आला. तुझ्या कागदाशी कुस्ती खेळून काढलीय. बघ आणि लाज बाळग.

चष्मा नाकावर आहे. तो कधी बदलला हे विचारणारा तू कोण? मी तुझ्या पोटाचा घेर विचारते का? कर्व्हला पोट येतं म्हणे. आरशात बघून काढलास वाटतं कर्व्ह.

ताई


१ मार्च

ती. ताईस,

प्रिंट नीट पोचली. बायकोनंही बघितली. जोरदार आहे.

एक छोटं काम आहे. नव्या मालावर आम्ही आपली नेहमीची करड्या रंगांची पट्टी छापलीय, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. तुझ्या डार्करूमच्या भिंतीवर जिची थोरली बहीण टांगलीय तीच. मला एका अनुभवी माणसाचं मत हवंय. सकाळी अकराला स्वयंपाकघराच्या खिडकीशी धर आणि किती रंग वेगवेगळे दिसतात ते मोजून कळव. घाई करू नकोस.

धाकटा


१० मार्च

प्रिय फूटपट्टीस,

वीस. नेहमीप्रमाणे वीस. अकराला, खिडकीशी, घाई न करता, तुझ्या आज्ञेप्रमाणे. शेवटचे काळ्याकडचे तीन-चार जरा एकमेकांना चिकटून बसलेत, पण माझ्यासारखीच्या नजरेला कळतात. नवख्याला कळायचे नाहीत, तेवढं तुमच्या साहेबांना सांग.

पंचवीस प्रिंट झाल्या. अजून पंधरा.

ताई


१६ मार्च

ताई,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. बायको म्हणाली, आता पाचव्यांदा फाडलंस तर मी लिहीन. तिच्यापेक्षा मी लिहिलेलं बरं.

त्या पट्टीवर सोळाच रंग होते. काळ्याकडचे चार मी छापलेच नव्हते. लांबी तेवढीच ठेवली आणि एकेक रंग जरा रुंद केला. तुझ्या भिंतीवर वीसची आहे, तुला वीस पाठ आहे, तू न बघता वीस लिहिशील हे मला माहीत होतं. मी तुला फसवलं. तू मला चिमट्यानं बदडलंस तरी माझी तक्रार नाही.

पण आता ऐक. काळा कागदावर आहे. तो तुझ्या डोळ्यात पोचत नाहीये. मधे काहीतरी पिवळट, धुरकट आलंय, ते काळ्याला राखाडी करतं आणि पांढऱ्याला साय फासतं. तुझा रंगारी खरं बोलत होता. म्हणून तुला दोन नंबर पुरेना, मग तीन, मग चार. तुला दिसायला हवं तेवढं तू कागद कडक करत गेलीस. मी तुझ्या पत्रांतल्या फिल्टरच्या नंबरांचा आलेख काढला. तो कागदाचा कर्व्ह नाही ताई, तुझ्या डोळ्यांचा आहे.

सतरा नंबर. मी जोरदार लिहिलं, ते खोटं. त्या म्हातारीला चेहराच उरलेला नाही. कपाळ चुन्यासारखं पांढरं, गाल कोळसा, मधलं सगळं गेलं. अठरा वर्षांपूर्वी मी जेवायचं सोडून जे बघत बसलो होतो ते सगळं त्या मधल्यातच होतं. चाळीसच्या चाळीस अशाच निघाल्या तर एक जूनला त्या पाटीवर तुझं नाव असेल आणि खाली तुझं काम नसेल. हे तुला मी सांगितलं नाही तर कोण सांगणार?

मोतीबिंदूच असणार. हल्ली अर्ध्या तासाचं काम असतं. आईचं जे झालं ते चाळीस वर्षांपूर्वी झालं. तेव्हा मी वसतिगृहात होतो, तिच्याजवळ तू होतीस, म्हणून तुला जेवढी भीती आहे तेवढी मला कळणार नाही, हे मला माहीत आहे. मला तुझी काळजी वाटते. मी येतो, आपण दोघं जाऊ.

धाकटा


२ एप्रिल

ताई,

पत्र पोचलं का? शिव्या तरी लिही.

धाकटा


२१ एप्रिल

ताई,

फोन तू उचलत नाहीस. खाणवाल्यांना केला. ते म्हणाले, बाई ठीक आहेत, पण त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलायची मला मनाई आहे. मी विचारलं, कुणाची मनाई? तर त्यांनी फोनच ठेवला. साठ वर्षं कॅमेरा सांभाळलेला माणूस तुला घाबरतो हे ऐकून बरं वाटलं, मी एकटा नाही.

आता उत्तर आलं नाही तर मी बॅग भरून येतोय.

धाकटा


९ मे

प्रिय फूटपट्टीस,

बॅग भरू नकोस, वाच.

तुझं सोळाचं पत्र आलं तेव्हा मी प्रथम तुला सगळं ऐकवलं. घरात कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं ऐकवलं. भावानं बहिणीला सापळा लावायचा, तोही करड्या रंगांचा. मग पट्टी घेतली, खिडकीशी गेले आणि खरंच मोजलं. पहिल्यांदा. मागच्या वेळी मी पट्टी पाकिटातून अर्धीसुद्धा बाहेर काढली नव्हती, तुझा अंदाज बरोबर आहे. मी अकरा मोजले. पुन्हा मोजले, दहा झाले. मग मी ओट्याला टेकून रडले. तुला हे सांगायची गरज नव्हती, पण तू चार वेळा पत्र फाडलंस म्हणून सांगते.

मला आधीच माहीत होतं, बाबा. फिक्सरच्या ट्रेपाशी उभी राहिले तेव्हाच माहीत होतं. म्हणून तर कागदाशी भांडत होते. कागदाची चूक असली की दुसरं खोकं उघडता येतं.

आईचं तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. ऑपरेशननंतर तिच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली तेव्हा खोलीत लख्ख ऊन होतं. आईनं मान वळवून मला विचारलं, दिवे गेलेत का गं? मी हो म्हटलं. तीन दिवस मी तिला दिवे गेलेत असंच सांगत होते. तेव्हापासून डोळ्यांच्या दवाखान्याच्या पायरीला माझा पाय लागलेला नाही.

मग एक दिवस खाणवाले आले. मी सगळ्या प्रिंट त्यांच्यासमोर टाकल्या आणि म्हटलं, खरं सांगा. ते म्हणाले, वाईट आहेत. मी म्हटलं, मग जोरदार का म्हणालात? तर म्हणतात, तीस वर्षं तुम्ही माझे वाईट फोटो चांगले छापलेत, एकदा माझे चांगले फोटो वाईट छापले गेले तर मी काय तोंड उघडणार. एक प्रदर्शन वाया गेलं असतं, तुम्हाला तर गमावलं नसतं. आता बोल. तिकडे तू जोरदार, इकडे ते जोरदार. दोघांना एका दोरीवर चिमटे लावून वाळत घालायला हवं.

तेच मला घेऊन गेले. डोळ्यांची डॉक्टरीण तिशीची असेल, मला आजी म्हणाली. मी म्हटलं, आजी तुझी घरी असेल, मी प्रिंटर आहे. ती म्हणाली, बरं, प्रिंटर, खुर्चीत बसा आणि हलू नका. मला ती तिथंच आवडली. सतरा एप्रिलला उजवा डोळा झाला. तुला कळवू दिलं नाही, कारण दिवे गेलेत का असं विचारायची पाळी आली असती तर ते तू ऐकायला नको होतंस.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. समोर डॉक्टरणीचा डगला होता, आणि तो पांढरा होता. मी तिला म्हटलं, हा पांढरा आहे. ती म्हणाली, हो, काल धुतलाय. मी पुन्हा रडले. यंदा एवढंच करतेय.

आता गंमत ऐक. डावा डोळा अजून जुनाच आहे, तो पुढच्या महिन्यात. उजवा मिटला की स्वयंपाकघर सायीचं, डावा मिटला की शुभ्र. दिवसभर उघडझाप करत बसते. रंगाऱ्याला बोलावून माफी मागितली, तो घाबरून खुर्चीच्या टोकावर बसला होता. निळा रंग तर विचारू नकोस. मागच्या भाऊबीजेला तू दिलेली साडी मी इतके दिवस हिरवी समजत होते, ती निळी निघाली. कुणी बोललं कसं नाही?

सतरा नंबरची माझ्याकडची दुसरी प्रत नव्या डोळ्यानं बघितली. ती मी फाडली. पंचवीसच्या पंचवीस फाडल्या, एकेक करून, बघून. तुझ्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे आणि हे वाक्य परत कधी मिळणार नाही, जपून ठेव.

आता सगळं दोन नंबरवर चाललंय. आणि ते तुझं पोट, ते सापडलं. म्हातारीचा गाल नेमका तिथं येतो जिथं रेष खाली बसते. सावलीत आहे, तरी उजेड धरून आहे. हनुवटीवरची लव दिसते. तुम्ही पत्रकात ज्याची लाज बाळगता त्याच्यावर माझं निम्मं प्रदर्शन उभं आहे. पोट कमी करू नका. कारखान्याला सांग, तूही ऐक.

एकोणीस झाल्या. एक जूनपर्यंत चाळीस होतात, मी दिवस मोजलेत.

सोबत एक पट्टी आहे. माझ्या हातची. सकाळी अकराला खिडकीशी धर, यंत्राला हात न लावता मोज आणि कळव. घाई करू नकोस.

ताई


१८ मे

ती. ताईस साष्टांग, आणि आज जवळून.

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. आईचं आलं तिथं मला पुढे वाचता येईना, मग ते तिनं वाचलं. त्या तीन दिवसांचं तू चाळीस वर्षं एकटीनं सांभाळलंस. मी तिथं असायला हवं होतं, तेव्हाही आणि सतरा एप्रिललाही.

साडी निळी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तू हिरवी म्हणायचीस आणि तुला दुरुस्त करायची कुणाची छाती नव्हती.

आता तुझी पट्टी. मी काय दूधखुळा आहे का? माझाच सापळा मला लावतेस. वीस असणार नाहीत हे मी पाकीट उघडायच्या आधीच ओळखलं. अकराला खिडकीशी बसलो, यंत्र कपाटात कुलूपबंद, साक्षीला बायको. चौदा रंग आहेत. तीनदा मोजले. काळ्याकडचे सहा तू गाळलेस. चार गाळले असतेस तर नक्कल झाली असती, म्हणून सहा. पण पकडलीस, ताई. माझा अनुभवही काही कमी नाही.

एक जूनला सकाळीच पोचतो. पाटीखाली तुझा फोटो काढायचाय.

धाकटा


२५ मे

प्रिय फूटपट्टीस,

चाळीस झाल्या. आज सकाळी खाणवाले घेऊन गेले. सतरा नंबर खिडकीशी नेऊन बघितली आणि मग चहा मागितला. पूर्ण प्यायले.

आता तुझं. त्या पट्टीवर मी काहीही गाळलेलं नाही. वीसच्या वीस आहेत. उजव्या डोळ्यानं मोजलेत, डॉक्टरणीनं मोजलेत, खाणवाल्यांनी मोजलेत, रंगाऱ्यालाही मोजायला लावले, तो एकवीस म्हणाला पण तो घाबरट आहे. तुझ्या बायकोला विचार, तिला त्या दिवशी वीस दिसले होते. फोनवर मीच तिला गप्प राहायला सांगितलं.

तीस वर्षं सुईच्या भरवशावर बसलास, स्वतः कधी बघितलंस का? मोजा तपकिरी की काळा ते कळत नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी तेव्हा सायीच्या भिंती बघत होते.

घाबरू नकोस. मला भीती वाटली होती म्हणून सांगते, तुला वाटेल तितकं ते वाईट नाही. डॉक्टरणीकडे दोन जूनची सकाळी साडेदहाची वेळ घेतलीय, तुझी आणि माझ्या डाव्या डोळ्याची एकदमच. तुझ्या डोळ्यावरची पट्टी सोडतील तेव्हा मी शेजारी असेन आणि खोलीत ऊन असलं तर ऊन आहे असंच सांगेन.

एक जूनला वेळेवर ये. आणि येताना मोजे बायकोला विचारून घाल.

ताई